संघ म्हणजे किती जण? : क्विझ बोलच्या इतिहासातील एक प्रश्न

स्पर्धांचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा विजेत्यांचा. करंडक कोणी पटकावला, अंतिम फेरीत कोण हरले, एवढेच पुढे राहते. परिपत्रकाच्या तळाशी छापलेल्या अटी मात्र कोणी इतिहास म्हणून वाचत नाही. 'प्रत्येक महाविद्यालयाने एक संघ पाठवावा, संघात चार स्पर्धक असावेत' या वाक्यावर विद्यार्थी सही करतो, प्राचार्य शिक्का मारतात आणि विषय संपतो. आमच्या मते मात्र अशा अटींत त्या त्या काळाची ज्ञानाविषयीची एक कल्पना दडलेली असते. ज्ञान एकट्याचे की समूहाचे? महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व कोणी करावे? ज्या महाविद्यालयात एकाच विद्यार्थ्याला या खेळाची आवड आहे, त्याने घरी बसावे काय? अमेरिकेतील 'क्विझ बोल' या महाविद्यालयीन प्रश्नोत्तर स्पर्धेच्या सत्तरहून अधिक वर्षांच्या इतिहासात या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्या उत्तरांचा हा धावता आढावा.

नावाविषयी आधी एक खुलासा. यातील 'बोल'चा आपल्या मराठी बोलाशी काही संबंध नाही. वाडग्याच्या आकाराच्या क्रीडागारांत होणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांना 'बोल' म्हणतात, त्यावरून हे नाव आले. मैदानावर लढणाऱ्या महाविद्यालयांनी बुद्धीनेही लढावे, ही त्यामागची भूमिका.

१. नभोवाणीने ठरवलेली संख्या

डॉन रीड यांनी हा खेळ घडवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांच्या करमणुकीसाठी खेळल्या जाणाऱ्या एका प्रश्नखेळावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ऑक्टोबर १९५३ मध्ये एनबीसी नभोवाणीवर 'कॉलेज क्विझ बोल' सुरू झाले. ॲलन लडेन सूत्रसंचालक होते. पहिल्या सामन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने कोलंबिया विद्यापीठाला हरवले. जानेवारी १९५९ मध्ये हा कार्यक्रम सीबीएस दूरचित्रवाणीवर आला, १९६३ मध्ये एनबीसीकडे गेला आणि १९७० मध्ये बंद पडला.

दोन संघ, प्रत्येकी चार विद्यार्थी. हा आकडा पुढे इतका रूढ झाला की त्याचे समर्थन देण्याची कोणाला गरजच वाटली नाही. एका मेजामागे चौघे नीट मावतात, त्यांचे चेहरे एका चौकटीत येतात आणि श्रोत्याला आवाज ओळखता येतात. प्रसारणाच्या दृष्टीने हा आकडा सोयीचाच होता. पुढे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या स्पर्धा भरवण्यासाठी जी बझरयंत्रे घेतली, त्यांनाही सामान्यतः आठ कळी असतात, चार या बाजूला आणि चार त्या बाजूला. कार्यक्रमातली एक सोय अशी यंत्राच्या तारांतच कायम झाली.

हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला ती वेळही लक्षात घ्यावी. प्रश्नमंजुषांतील लबाडीची प्रकरणे तेव्हा नुकतीच बाहेर येत होती. त्यांतील सर्वांत गाजलेले नाव चार्ल्स व्हॅन डोरेन यांचे. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे हे तरुण अध्यापक, कवी मार्क व्हॅन डोरेन यांचे चिरंजीव. 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमात ते एकट्याने खेळून देशाचे लाडके झाले होते. नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी सारा प्रकार संगनमताने घडल्याची कबुली दिली. काचेच्या खोलीत घाम पुसत उभा राहणारा एकटा विद्वान यानंतर संशयास्पद ठरला. त्या पार्श्वभूमीवर महाविद्यालयासाठी खेळणारे आणि बक्षिसाची रक्कम शिष्यवृत्तीच्या रूपाने महाविद्यालयाला मिळवून देणारे चार विद्यार्थी लोकांना अधिक निर्मळ वाटले असावेत, असे आम्हाला वाटते. पुढे १९६६ मध्ये जॉर्जियातील ॲग्नेस स्कॉट या लहानशा महिला महाविद्यालयाने प्रिन्स्टनला हरवले. चौघांसमोर चौघे बसले की संस्थेचा आकार, वय आणि वैभव काही काळापुरते गौण होते, हे त्या सामन्याने दाखवले. समान संख्येची ही खरी पुण्याई.

२. एकट्याचा प्रश्न, सर्वांचा प्रश्न

संघाच्या आकाराचा प्रश्न समजण्यासाठी खेळाची घडण पाहावी लागते. यात प्रश्न दोन प्रकारचे. पहिला 'टॉसअप', म्हणजे दोन्ही संघांतील सर्वांना खुला असलेला प्रश्न. वाचन चालू असतानाच कोणीही कळ दाबून ते थांबवू शकतो. मात्र उत्तर त्यानेच द्यायचे, सहकाऱ्यांशी कुजबुजायचे नाही. बरोबर उत्तराला दहा गुण. वाचन पूर्ण होण्याआधीच कळ दाबून उत्तर चुकले तर आज रूढ असलेल्या नियमांनुसार पाच गुण वजा होतात आणि त्या प्रश्नापुरता त्याचा सारा संघ गप्प होतो. टॉसअप जिंकणाऱ्या संघाला 'बोनस' मिळतो. आज त्याचे सहसा दहा-दहा गुणांचे तीन भाग असतात आणि त्यावर संघाने आपसात विचारविनिमय करून उत्तर द्यायचे असते.

म्हणजे एकाच खेळात दोन प्रकारची विद्वत्ता तपासली जाते. टॉसअपमध्ये एकट्याचे धाडस, बोनसमध्ये चौघांची मसलत. चारांऐवजी दोघेच आले तर त्यांचे नुकसान दोन्हीकडे होते, कारण ऐकणारे कान कमी आणि मसलतीला माणसेही कमी. परंतु एक लाभही होतो. आपल्याच सहकाऱ्याने घाईने कळ दाबून तोंड बंद करण्याचा धोका कमी होतो.

टॉसअपची रचना साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्याजोगी आहे. दूरचित्रवाणीच्या काळात प्रश्न आखूड असत आणि ज्याचे बोट चपळ त्याची सरशी होई. विद्यार्थ्यांनी स्वतः प्रश्न लिहायला घेतल्यावर उतरत्या कठीणपणाचा, 'पिरॅमिड'च्या घडणीचा प्रश्न रूढ झाला. असा प्रश्न मराठीत लिहायचा तर तो काहीसा असा होईल: 'या कादंबरीचा निवेदक वसतिगृहाच्या मेसचा कारभार अंगावर घेतो आणि खड्ड्यात जातो. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूने तो मुळापासून हादरतो. "वगैरे" आणि "उदाहरणार्थ" या शब्दांच्या वापरासाठी तिची भाषा प्रसिद्ध आहे. पांडुरंग सांगवीकर नायक असलेली, १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली भालचंद्र नेमाडे यांची कादंबरी कोणती?' ज्याने 'कोसला' वाचली आहे तो पहिल्या वाक्यालाच कळ दाबेल, ज्याने वर्गात तिच्याविषयी ऐकले आहे तो मध्यावर, आणि ज्याला केवळ नाव ठाऊक आहे तो शेवटी. वाचलेले आणि ऐकलेले यांतला फरक मोजणारे असे साधन आमच्या परीक्षापद्धतीत अभावानेच आढळते.

३. मँचेस्टरचा निषेध

हाच खेळ १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' या नावाने ग्रॅनडा दूरचित्रवाणीवर आला. बॅम्बर गॅसकॉइन प्रश्न विचारीत. तेथेही संघ चौघांचेच होते. संख्या समान होती, तरी एक विषमता उरली होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांतील प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र संघ म्हणून उतरता येई, मँचेस्टरसारख्या विद्यापीठाला मात्र एकच संघ. १९७५ मध्ये मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी याचा निषेध केला तो खेळातूनच. प्रश्न काहीही असो, उत्तर म्हणून ते मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की, चे गव्हेरा अशी नावे देत राहिले.

हा प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. आम्हाला तो या इतिहासातील एक गंभीर प्रसंग वाटतो. संघात किती जण यापेक्षाही संघ कोणाचा, हा प्रश्न आधीचा आहे, हे त्या विद्यार्थ्यांनी ओळखले होते. महाविद्यालय हे एकक धरायचे की विद्यापीठ, हे ठरवणारा संयोजक सामना सुरू होण्याआधीच निकालाला हात लावत असतो.

४. 'चार' ऐवजी 'चारपर्यंत'

अमेरिकेत दूरचित्रवाणीवरचा खेळ बंद झाल्यावर १९७७ च्या सुमारास महाविद्यालयीन संघटनांच्या आश्रयाने कॉलेज बोलचे पुनरुज्जीवन झाले. विद्यार्थी खेळू लागले आणि खेळता खेळता प्रश्नांच्या दर्जाविषयी, पुनरावृत्तीविषयी, शुल्काविषयी तक्रारी करू लागले. तक्रारींतून स्वतंत्र स्पर्धा उभ्या राहिल्या. १९९१ मध्ये 'एसीएफ' आणि १९९६ मध्ये 'एनएक्यूटी' या संस्था निघाल्या. मूळ कॉलेज बोलची महाविद्यालयीन स्पर्धा २००८ मध्ये थांबली. खेळ मात्र थांबला नाही, कारण तोवर तो खेळाडूंच्या हाती गेला होता.

या स्थित्यंतरात नियमातील एक लहानसा शब्द बदलला. 'चार खेळाडू' याचे 'एका वेळी चारपर्यंत खेळाडू' झाले. तिघांचा संघ चालतो, दोघांचा चालतो आणि एकटाही चालतो. प्रसारणाला रिकामी खुर्ची खुपते, वर्गखोलीतल्या सामन्याला खुपत नाही. दूरच्या गावातील महाविद्यालयातून रात्रभर प्रवास करून आलेल्या एकट्या विद्यार्थ्याला 'तुझा संघ अपुरा आहे' असे सांगून परत पाठवण्याचे कारणच उरले नाही. खेळ पुन्हा पडद्यावर गेला की संख्याही पुन्हा बांधली जाते, हेही नोंदवण्यासारखे आहे. २०२१ मध्ये एनबीसीने 'कॉलेज बोल' नव्याने आणले, तेव्हा संघ तिघांचे केले. म्हणजे चार हा आकडा कधीच पवित्र नव्हता.

५. संयोजकाचे गणित

'चारपर्यंत' हा शब्द उदार आहे, पण त्या औदार्याची किंमत संयोजकाला मोजावी लागते. समजा, एका महाविद्यालयातून पाच विद्यार्थी आले. त्यांचे काय करावे? चौघांचा बलाढ्य संघ आणि पाचव्याचा एकट्याचा? तिघे आणि दोघे? की एकच संघ ठेवून पाचव्याला मध्यंतरानंतर आलटून पालटून घ्यावे? पहिली वाटणी करंडकाचा विचार करते, दुसरी सर्वांना खेळायला मिळण्याचा, तिसरीत कोणी ना कोणी सतत बाकावर बसून राहतो. तिन्ही वाटण्या नियमात बसतात. निवड मात्र त्या महाविद्यालयाच्या स्वभावाची खूण असते.

आणि ही निवड केवळ त्या पाच जणांपुरती राहत नाही. साखळी सामन्यांचे गणित पाहा. बारा संघ असतील तर सर्वांनी सर्वांशी खेळण्यास अकरा फेऱ्या आणि सहा खोल्या लागतात. अकरा संघ असतील तरी फेऱ्या अकराच लागतात, कारण प्रत्येक फेरीत एक संघ रिकामा बसतो. म्हणून संघांची संख्या विषम झाली की यजमान आपल्याच उरल्यासुरल्या माणसांचा एक संघ उभा करतात. त्याचे निकाल अधिकृत क्रमवारीत धरत नाहीत, पण त्यामुळे कोणाला ताटकळत बसावे लागत नाही. अकरा फेऱ्या दिवसात बसत नसतील तर बारा संघांचे सहा-सहाचे दोन गट करतात. पाच फेऱ्यांनंतर दोन्ही गटांतील पहिल्या तिघांचा एक नवा गट होतो, उरलेल्या तिघा-तिघांचा दुसरा. आधी एकमेकांशी झालेले सामने तसेच धरले की आणखी तीन फेऱ्या पुरतात. आठ फेऱ्यांत दिवस संपतो. पण ऐन सकाळी एका महाविद्यालयाने 'आमचे पाच जण आहेत, दोन संघ करू का?' असे विचारले की बाराचे तेरा होतात आणि हे सारे आराखडे पुन्हा मांडावे लागतात. संघात किती जण, या प्रश्नातून संघ किती, हा प्रश्न उद्भवतो तो असा.

त्यात प्रश्नांची गुप्तता आली. एका फेरीचा प्रश्नसंच सर्व खोल्यांत एकाच वेळी वाचला जातो, म्हणून एक खोली रेंगाळली की सारा दिवस लांबतो. प्रत्येक खोलीला एक प्रश्नवाचक हवा, शक्य तर एक गुणलेखकही. काही स्पर्धांत सहभागी संघच प्रश्नसंच लिहून पाठवतात. तेथे स्वतः लिहिलेला संच स्वतःच्याच सामन्यात वाचला जाणार नाही, हेही पाहावे लागते. एकट्या खेळाडूने चौघांइतकेच प्रश्न लिहावेत काय, हा पुन्हा आकाराचाच प्रश्न. बझरयंत्र घेऊन येणाऱ्या, प्रश्नवाचक सोबत आणणाऱ्या किंवा फार लांबून येणाऱ्या संघाला शुल्कात सूट देण्याची प्रथाही याच गरजांतून पडली. पाहुण्याने येताना आपले ताट घेऊन यावे, असा हा पंक्तिव्यवहार आहे.

६. एकट्याची सरासरी

संघ लहानमोठे असले की त्यांची तुलना कशी करायची? गुणतक्त्यात प्रत्येक खेळाडूची प्रतिसामना सरासरी लिहिलेली असते, आणि तीच सर्वाधिक फसवी असते. एकट्याने खेळणाऱ्याला अडवणारा सहकारी नसतो, त्यामुळे त्याला जे जे येते ते सारे त्याच्या खात्यात जमा होते. उलट एकाच संघात साहित्याचे तीन जाणकार असले तर तिघांची सरासरी घसरते, कारण एकाने दिलेले उत्तर उरलेल्या दोघांनाही येत असते. क्विझ बोलच्या बोलीत याला 'सावलीचा परिणाम' म्हणतात. आपल्या समीक्षाव्यवहारालाही हा शब्द उपयोगी पडावा. एकाच पिढीत एकाच पिंडाचे तीन कवी निघाले की दोघे कोणाच्या सावलीत जातात, हे आपल्याला नवे नाही.

म्हणून जाणते संयोजक संघाच्या तुलनेसाठी 'प्रतिबोनस गुण' पाहतात. मिळालेल्या प्रत्येक बोनसवर तिसांपैकी सरासरी किती गुण मिळवले, एवढेच ही संख्या सांगते. समोरचा संघ बलवान होता की दुबळा, याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. पण मसलतीला कोणी नसलेल्या एकट्याला येथे तोटा होतो. म्हणजे एक मापन एकट्याला फुगवते, दुसरे त्याला आक्रसते. निर्दोष मापन नाही. आकार वेगळे ठेवायचे तर ही विसंगती सहन केली पाहिजे.

हा तोटा का होतो, याचे उत्तर प्रश्नांच्या वाटपात आहे. एसीएफच्या वीस टॉसअपांच्या संचात साधारणतः चार साहित्यावर, चार इतिहासावर, चार विज्ञानावर, तीन कलांवर असतात आणि उरलेल्यांत धर्म, पुराणकथा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्रे, भूगोल इत्यादी येतात. चौघांच्या संघात एकाने साहित्य, एकाने इतिहास, एकाने विज्ञान आणि एकाने कला सांभाळावी, अशी वाटणी मग आपोआप होते. नभोवाणीच्या मेजावरून आलेला आकडा पुढे ज्ञानशाखांच्या वाटपाशी असा जुळून गेला. एकट्याला या चारही वाटा स्वतःच चालाव्या लागतात. त्या चार साहित्यप्रश्नांतही पुन्हा वाटण्या असतात: ब्रिटिश, अमेरिकन, युरोपीय आणि 'जागतिक'. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका हे सारे त्या शेवटच्या एका घरात दाटीने राहते. मराठी साहित्यावर प्रश्न आलाच तर तो तेथेच यायचा. संघाच्या आकाराविषयी इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या या खेळाला साहित्यांच्या आकाराविषयीही तितकाच विचार करावा लागेल, असे आम्हाला वाटते.

७. हरणाऱ्यांची खोली

आपल्याकडे सार्वजनिक प्रश्नमंजुषेची सुरुवात १९६७ मध्ये कलकत्त्यात नील ओ'ब्रायन यांनी केली, असे मानले जाते. १९७२ पासून बॉर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टने ती नभोवाणीवरून घरोघर नेली, १९८५ मध्ये सिद्धार्थ बासू यांच्या 'क्विझ टाइम'ने दूरदर्शनवर. आपल्या महाविद्यालयांत रूढ झालेला साचा मात्र अमेरिकन साच्याहून निराळा आहे. एक सभागृह, एक प्रश्नकर्ता, आधी लेखी चाळणी आणि मग पहिले सहा-आठ संघ मंचावर. या पद्धतीत संघ दोघांचे असोत की चौघांचे, पन्नास येवोत की शंभर, संयोजकाचे काही अडत नाही. लागतात त्या फक्त जास्त खुर्च्या.

ही आपल्या पद्धतीची मोठी सोय आहे आणि तीच तिची मर्यादाही. सकाळच्या चाळणीत मागे पडलेला संघ उरलेला दिवस श्रोता होतो किंवा परतीची बस पकडतो. क्विझ बोलमध्ये आठ फेऱ्यांच्या स्पर्धेत तळाचा संघही आठ सामने खेळतो. पाच सामने हरलेल्या दोन संघांच्या सहाव्या सामन्यालाही एक खोली, एक वाचक आणि तोच प्रश्नसंच मिळतो, जो शेजारच्या खोलीत अव्वल संघांपुढे वाचला जात असतो. एकट्या खेळाडूलाही तो मिळतो. संयोजकाचे सारे गणित, तो उसना संघ, ती शुल्कातली सूट, ती पुन्हा पुन्हा मांडलेली कोष्टके, यांचे प्रयोजन अखेर हेच आहे. विजेता शोधायला इतकी यातायात लागत नाही. ती लागते हरणाऱ्यांना खेळत ठेवण्यासाठी.

मराठीच्या अध्यापकांपुढे यातून एक हिशेब ठेवावासा वाटतो. आठ फेऱ्यांच्या स्पर्धेसाठी प्रत्येकी वीस टॉसअप, म्हणजे एकशे साठ प्रश्न लागतील. तितकेच बोनस आणि प्रत्येकाचे तीन भाग, म्हणजे आणखी चारशे ऐंशी. एकूण सहाशे चाळीस उत्तरे. महानुभाव गद्यापासून आजच्या कवितेपर्यंत, लीळाचरित्रापासून दलित आत्मकथनांपर्यंत, नाट्यसंगीतापासून भाषाविज्ञानापर्यंत अशी सहाशे चाळीस उत्तरे निवडणे आणि प्रत्येकासाठी कठीणाकडून सोप्याकडे उतरणारी वाक्ये लिहिणे, हे एका विभागाचे वर्षभराचे काम आहे. ते आठ महाविद्यालयांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला एकच संच येतो. कोण कोणती उत्तरे निवडतो, कोणता कालखंड कोणालाच आठवत नाही, हे पाहणे हीच एक वाङ्मयेतिहासाची कार्यशाळा ठरेल. आणि असे कधी घडलेच, तर परिपत्रकात 'संघात चार स्पर्धक असावेत' याऐवजी 'चारपर्यंत' असे छापावे, एवढीच आमची सूचना आहे.